गवताची काडी आणि बाजारची पेटी

हस्ताचा पाऊस ओसरला, उन्हाला पिवळसर रंग चढला, की खेड्यापाड्यांतील मुलांच्या बोटांना आपोआप चाळा लागतो. भाताच्या ओल्या काडीची पिपाणी होते. सागाचे रुंद पान काड्यांनी टाचून टोपी केली जाते. हादग्याच्या हत्तीसाठी मुली फळाफुलांची माळ ओवतात. दिवाळी जवळ आली, की अंगणाच्या कोपऱ्यात दगडमातीचा किल्ला उभा राहतो आणि त्याच्या उतारावर अळीव पेरून आठ दिवसांत रान उगवले जाते. आमच्या ख्रिस्ती घरांतून हाच उद्योग महिनाभराने नाताळच्या गोठ्यापाशी चालतो. तेथे छपरावर नव्या भाताचा पेंढा असतो आणि अळिवाच्या जागी नाचणी पेरतात. एरवी किल्ला बांधणारे हात आणि गोठा बांधणारे हात यांत आम्हाला कधी फरक दिसलेला नाही.

राजांच्या किल्ल्यांवर ग्रंथांची चळत उभी आहे. पोरांच्या किल्ल्यांची बखर कोणी लिहिली नाही. ते स्वाभाविकही आहे. जी वस्तू पुढच्या पावसात विरघळून जाते, तिचा दप्तरी दाखला राहत नाही. परंतु हा खेळ अंगणातून उचलून शाळेत आणण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास उपलब्ध आहे. तो पावणेदोनशे वर्षांहून अधिक जुना असून त्याच्या प्रत्येक वळणावर एकच प्रश्न उभा राहिलेला दिसतो : मुलाच्या हातात द्यायची वस्तू वेचून आणायची, की विकत आणायची? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण वसईहून उत्तरेस, गुजरातच्या सीमेलगतच्या बोर्डी-कोसबाडच्या परिसरात दोन मराठी स्त्रियांनी त्याचे जे उत्तर दिले, त्याच्या पोटात उपाशी माणसांची एक कथा दडलेली आहे. तेथवर पोहोचण्यासाठी आरंभ मात्र जर्मनीपासून करावा लागतो.

थुरिंगियाच्या डोंगराळ, जंगली मुलखात ओबरवाइसबाख नावाच्या गावी २१ एप्रिल १७८२ रोजी फ्रेडरिक फ्रोबेल यांचा जन्म झाला. वडील लूथरपंथी धर्मोपदेशक. मूल वर्षाचे होण्यापूर्वीच आई वारली. पंधराव्या वर्षी मुलाला एका वनरक्षकाच्या हाताखाली उमेदवारीस ठेवण्यात आले आणि दोन वर्षे तो झाडांच्या संगतीत राहिला. पुढे बर्लिनमध्ये ख्रिस्टियान वाइस या खनिजशास्त्रज्ञाच्या हाताखाली स्फटिकांचा अभ्यास त्याने केला. झाड आणि स्फटिक, म्हणजे वाढणारी वस्तू आणि कोरीव नियमात बसलेली वस्तू, या दोन गोष्टींनी या माणसाचे मन घडविले. त्याच्या शिक्षणपद्धतीतील सारे सौंदर्य आणि पुढे उद्भवलेले सारे दोष या जोडीतूनच निघाले, असे आमचे मत आहे.

१८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. बालकांची बाग, हा त्याचा सरळ अर्थ. हे नाव निव्वळ रूपक नव्हते. तेथे खरोखरीची बाग होती : प्रत्येक मुलाचा स्वतःचा वाफा आणि त्यांच्या सभोवती सर्वांच्या मालकीचे वाफे. बागेच्या जोडीला त्यांनी दोन प्रकारचे साहित्य सिद्ध केले. पहिल्याला ते ‘देणग्या’ म्हणत : लोकरीचे सहा रंगीत चेंडू, मग लाकडाचा गोल, दंडगोल नि घन, मग आठ तुकड्यांत विभागलेला घन, आणि असेच पुढे. दुसरे ‘उद्योग’ : कागदाच्या घड्या, पट्ट्यांचे विणकाम, टोचकाम, मातीकाम. यांतला एक उद्योग आम्हाला विशेष प्रिय आहे. वाटाणे रात्रभर भिजत घालायचे आणि मऊ झाल्यावर त्यांत बारीक काड्या खोचून घर, खुर्ची, शिडी, मनोरा बांधायचा. वाटाणा सुकला, की आक्रसतो आणि काडीला घट्ट धरून ठेवतो. ना खळ, ना खिळा. आमच्याकडे नारळाच्या झावळीचे हीर आणि भिजलेले हरभरे घेऊन कोणाही शिक्षिकेला हा प्रयोग उद्या सकाळी करता येईल.

प्रशियाच्या सरकारला मात्र या वाटाण्यांत राज्यक्रांतीचा वास आला. फ्रोबेल यांचा पुतण्या कार्ल याच्या मतांची नि काकांच्या मतांची गल्लत करून सरकारने ऑगस्ट १८५१ मध्ये बालोद्यानांवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी जून महिन्यात फ्रोबेल निवर्तले. बंदी उठली ती १८६० मध्ये. तोवर त्यांच्या शिष्या देशोदेशी पांगल्या होत्या आणि पद्धत जगभर पसरू लागली होती. पसरताना तिचे एक विचित्र रूपांतर झाले. वनरक्षकाचा उमेदवार मागे पडला आणि स्फटिकांचा अभ्यासक पुढे आला. बागेला जागा लागते, माळी लागतो, धीर लागतो; पेटी मात्र टपालाने पाठविता येते. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली यांच्यासारख्या कारखानदारांनी ‘देणग्यां’च्या पेट्या तयार करून विकण्यास प्रारंभ केला. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्या पाहून एका आईने आपल्या मुलासाठी त्या घेतल्या आणि तो मुलगा पुढे फ्रँक लॉइड राइट हा विख्यात वास्तुशिल्पी झाला, ही गोष्ट खरी आहे. पेटी वाया गेली, असे कोण म्हणेल? परंतु हजारो वर्गांतून मुले बारीक चौकटीच्या कागदावर बाईंच्या हुकमाबरोबर एकेक भोक टोचीत बसली होती, हेही तितकेच खरे आहे.

खुद्द जर्मनीत या पेटीबाहेर दोन गोष्टी उरल्या. फ्रोबेल यांची एक नातलग, हेन्रिएट्टे श्राडर-ब्रायमान यांनी बर्लिनमध्ये ‘पेस्टालोझी-फ्रोबेल गृह’ उभारले. निसर्गातली वा घरगुती जीवनातली एखादी वस्तू घेऊन महिनाभर मुलांचे सारे काम, खेळ, गाणी, स्वयंपाक तिच्याभोवती गुंफावयाचे, अशी त्यांची रीत होती. दुसरी गोष्ट कोणत्याही संस्थेची नव्हे. शरद ऋतूत तिकडे घोडचेस्टनटची तपकिरी, तुकतुकीत फळे आणि ओकची टोपीवाली बोंडे झाडांखाली पडतात. ती गोळा करून, काड्या खोचून माणसे, घोडे, गाई बनविण्याचा खेळ जर्मन मुले आजही खेळतात. त्याला कारखाना लागला नाही आणि त्याचे पेटंटही कोणी घेतले नाही.

येथे एका गोष्टीचा उल्लेख विषयांतर पत्करूनही केला पाहिजे. आमच्याकडील काही इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून ऑक्टोबर महिन्यात भिंतीवर लाल-पिवळ्या, पाच बोटांच्या मेपल पानांचे तक्ते लागलेले दिसतात; खाली ‘ऑटम’ असे लिहिलेले असते. त्या वेळी खिडकीबाहेर काय असते? डोंगर अजून हिरवे असतात, गवत सोनेरी होऊ लागलेले असते, भात लवलेला असतो. आमची पानगळ शिशिरात होते. साग, पळस, सावर यांची पाने माघ-फाल्गुनात गळतात. आमचा शरद हा पाने गळण्याचा ऋतू नसून दाणा भरण्याचा आणि गवत कापण्याचा ऋतू आहे. मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याचा सण करतो आणि नव्या भाताच्या लोंब्या मिरवीत देवळात आणतो. कोकणातील हिंदू घरांच्या दारांवर याच दिवसांत ‘नवे’ बांधले जाते. या मुलखात मुलांच्या हाती शरद ऋतू द्यायचा, तर लोंबी द्यावी लागेल आणि गवताची काडी द्यावी लागेल. मेपलच्या पानाला त्यात स्थान नाही.

डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या दरिद्री वस्तीत ‘बालगृह’ उघडले. त्या वैद्यकशास्त्राच्या पदवीधर. त्यांची दृष्टी नेमकी होती. फ्रोबेल यांचे विणकाम आणि पुठ्ठ्यावरील शिवणकाम त्यांनी वगळले, कारण लहान मुलाचा डोळा इतक्या बारीक कामाला अजून तयार झालेला नसतो. मातीकाम त्यांनी ठेवले. मुले छोटी भांडी घडवीत, चिमुकल्या विटा करून भिंत रचीत. झाडे लावणे, प्राणी पाळणे यांचा त्यांनी आग्रहाने पुरस्कार केला. पण त्यांच्याही पद्धतीचे तेच झाले. गुलाबी मनोरा, दट्ट्यांचे ठोकळे, वेगवेगळ्या आकारांची पाने कोरलेला लाकडी संच : सारे साहित्य मिलिमीटरच्या मापाने घडविलेले, देखणे आणि महाग. झोपडपट्टीत जन्मलेली पद्धत हां हां म्हणता सुखवस्तू घरांची झाली.

हे वर्म गांधीजींच्या ध्यानात आले होते. गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असता ऑक्टोबर १९३१ मध्ये त्यांनी तेथील माँटेसरी प्रशिक्षण महाविद्यालयात, बाईंच्या उपस्थितीत, भाषण केले आणि हे शिक्षण धनिकांच्या मुलांपुरते न राहता कंगालांच्या मुलांपर्यंत पोहोचावे, अशी आशा व्यक्त केली. कौतुकाच्या शब्दांत गुंडाळलेला तो प्रश्नच होता. पुढे १९३९ मध्ये मादाम माँटेसरी स्वतः भारतात आल्या. युद्धामुळे इटालियन नागरिक म्हणून त्यांच्यावर निर्बंध आले आणि अड्यार व कोडाईकनाल येथे त्यांचा दीर्घ मुक्काम घडला. गांधीजींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांच्या आगमनापूर्वीच काठेवाडात आणि नंतर महाराष्ट्रात शोधले जाऊ लागले होते.

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका या वकिली सोडून आलेल्या गृहस्थांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. घराणे प्रार्थनासमाजी केळकरांचे. पदवी घेतल्यानंतर राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाचा मान त्यांना लाभला होता. तो सोडून त्या बालमंदिराच्या फरशीवर मुलांबरोबर बसल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षण पत्रिका’ निघाली. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. तोपर्यंतचे त्यांचे कार्य मुख्यतः शहरी, शिकलेल्या घरांतील मुलांसाठी होते. हे त्यांना खटकत होते. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, जेव्हा माणसे सत्कारांच्या तारखा ठरवू लागतात, तेव्हा त्या सारा पसारा उचलून समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. ते वर्ष १९४५. याच वर्षी अनुताई वाघ त्यांना सहकारी म्हणून मिळाल्या. पुणे जिल्ह्यातील मोरगावी १९१० मध्ये जन्मलेल्या, तेराव्या वर्षी विवाह होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या आणि नंतर जिद्दीने शिकून पुण्याच्या हुजूरपागेत शिकविणाऱ्या अनुताई बोर्डीला आल्या, त्या पुढे या परिसराच्याच झाल्या.

१९४५ च्या शरद ऋतूत या परिसरात काय चालले होते, याचा उल्लेख बालशिक्षणाच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही. तो केल्यावाचून पुढे जाणे आम्हाला योग्य वाटत नाही. डहाणू, उंबरगाव, पालघर या भागांतले गवत तेव्हा मुंबईच्या तबेल्यांना जाई. पावसाळा संपला, की वारली कुटुंबे जमीनदारांची नि व्यापाऱ्यांची गवतकापणी करीत. वेठबिगार तर होतीच. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण बायकोसह ‘लग्नगडी’ होऊन सावकाराच्या दारी राबे. मे १९४५ मध्ये झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. ऑक्टोबरात गवताचा हंगाम सुरू होताच किसान सभेच्या श्यामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली संप झाला. मागणी होती, पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळावेत ही. तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच माणसे मेली. गोदावरीबाईंनी ही सारी हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात सविस्तर सांगितली आहे.

या लढ्याचा नि ताराबाईंच्या केंद्राचा काही संबंध होता, असे आम्ही सुचवीत नाही. मार्ग वेगळे, विचारही वेगळे. पण जमीन एकच होती आणि ऋतू एकच होता. ज्या गवताच्या काडीला आम्ही मुलाच्या खेळण्याचे साहित्य म्हणतो, त्याच काडीच्या मजुरीसाठी त्या ऑक्टोबरात माणसांनी जीव दिला होता, हे ध्यानी ठेवूनच पुढचा इतिहास वाचला पाहिजे.

बोर्डीला आरंभी केंद्र गावात होते. गावची मुले आली. हरिजनवाड्यातली नि आदिवासी पाड्यांवरची मुले आली नाहीत. तेव्हा ताराबाईंनी ठरविले, की मूल शाळेपर्यंत येत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे. साहित्याची पिशवी घेऊन शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, त्यांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे आणि तेथेच खेळ, गाणी, मातीकाम सुरू करायचे. हीच ‘अंगणवाडी’. आज देशभर सर्वांच्या तोंडी असलेला हा शब्द अशा रीतीने आमच्या शेजारच्या एका वस्तीच्या अंगणात जन्मला. १९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथे आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पाच-सहा वर्षांच्या पुढची मुले अंगणातही सापडत नाहीत. ती गुरांमागे कुरणात असतात. मग शाळा कुरणात गेली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. गुरे चरत, मुले एका झाडाखाली जमत आणि शिक्षण चाले. बालशिक्षणाच्या जागतिक इतिहासात या शब्दाला फ्रोबेल यांच्या ‘बालकांच्या बागे’शेजारी बसविले पाहिजे, असे आम्हाला वाटते. जर्मन शब्दात कुंपण आहे. मराठी शब्दात नाही.

आता अंगणात वा कुरणात गुलाबी मनोरा कोण नेणार? पैसा नव्हता आणि पैसा असता, तरी ती वस्तू तेथे परकीच वाटली असती. म्हणून साहित्य भोवतालून वेचले गेले. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, फुले, काटक्या, माती, बांबू. बोर्डीला समुद्र आणि सुरूची झाडे. सुरूची खवल्याखवल्यांची फळे वाळूत पडलेली. चिकूच्या काळ्याभोर, चमकदार बिया. टेकडीवर साग, ताड, खजुरी. माँटेसरीबाईंच्या लाकडी संचात पानांच्या कडांवरून बोट फिरवायला शिकवीत. येथे पानच हातात होते. लहान-मोठे, गुळगुळीत-खरखरीत, जड-हलके असे वर्गीकरण करण्यासाठी निसर्गाने जितकी तऱ्हा निर्माण केली आहे, तितकी कोणत्याही कारखान्यात होत नाही.

एक सावधगिरीची सूचना येथेच करून ठेवतो. लालभडक, काळ्या डोळ्याची गुंज मुलांना फार आवडते आणि मोजणीला ती सोयीची वाटते. सोनाराच्या तराजूत तिला मानाचे स्थान होते. पण तिच्या कठीण कवचाच्या आत जहाल विष आहे. माळेसाठी भोक पाडलेली वा चावलेली गुंज जीवघेणी ठरू शकते. बालवाडीच्या डब्यात तिला जागा नसावी. निसर्गातील सारे काही निर्मळ असते, ही शहरी समजूत आहे. पाड्यावरच्या आजीला ते पूर्वीपासून ठाऊक असते.

आजीचा उल्लेख सहज झाला, पण त्यात या पद्धतीचे मर्म आहे. पेटीतल्या साहित्याची माहिती फक्त शिक्षिकेला असते. वेचलेल्या साहित्याची माहिती मुलाला आधी असते. कोणत्या गवताची दोरी वळते, कोणत्या पानाचा द्रोण फाटत नाही, कोणता चीक हाताला लावू नये, हे शहरातून आलेल्या शिक्षिकेला वारल्याच्या मुलाने सांगायचे असते. त्याचा बाप वाळलेला भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण यांपासून तारपा घडवितो आणि पीक घरात आले, की त्याच्या सुरावर अख्खा पाडा फेर धरतो. त्याची आई लग्नाच्या वेळी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहिते. ज्या घरात इतकी कारागिरी आहे, त्या घरातले मूल शाळेत आले, की ‘मागासलेले’ ठरत होते. सुरूच्या फळाला काड्यांचे पाय लावून त्याने बनविलेली बकरी शिक्षिकेने फळीवर मांडून ठेवली, तेव्हा तिने त्या मुलाला केवळ हस्तकला शिकविली नाही. त्याच्या घराला शाळेत जागा दिली.

आणि मोजणी! दहा काड्यांची एक जुडी, दहा जुड्यांचा एक भारा. गणित शिकविण्याची ही रीत सगळीकडे वापरतात आणि पुस्तकात ती निरुपद्रवी दिसते. पण डहाणूच्या कुरणात, गवताच्या हंगामात, तिचा अर्थ वेगळा होतो. तेथे आईबापांची मजुरी वजनावर आणि भाऱ्यांवर ठरत होती आणि हिशेब लिहिणारा माणूस नेहमी समोरच्या बाजूचा असे. त्या घरातील एक जरी मूल जुड्या मोजू लागले, तरी मुकादमाच्या वहीकडे पाहण्याची त्या घराची दृष्टी बदलते. हे आमचे अनुमान आहे. तथापि, अडीच रुपयांसाठी पाच माणसे मेलेल्या प्रदेशात ते दूरान्वयाचे आहे, असे कोणी म्हणू नये.

मुलांच्या हातांना काम देण्यात एक धोका असतो आणि तो आपल्याकडे फार पूर्वी ओळखला गेला होता. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि हस्तव्यवसायातून शिक्षण, ही गांधीजींची कल्पना तेथे मांडली गेली. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा, असेही तीत होते. शाळा कारखाना होईल, मूल मजूर होईल, अशी टीका तेव्हाच झाली, डॉ. झाकिर हुसेन समितीच्या अहवालातदेखील उत्पन्नावर अवास्तव भर देण्याविरुद्ध इशारा आहे. कोसबाडला ही सीमारेषा फार स्पष्ट होती, कारण रेषेच्या पलीकडे काय आहे, ते रोज दिसत होते. शरद ऋतू मुलांना बी, काडी, फूल देतो आणि त्याच शरदात ती मुले गुरांमागे किंवा कापणीला जाणाऱ्या आईच्या मागे, धाकटे भावंड कडेवर घेऊन, निघून जातात. साहित्य भरपूर आणि मूल बेपत्ता, हे आदिवासी भागातील शरदाचे चित्र होते. कुरणशाळा निघाली, ती या चित्रामुळे. पुस्तकी निसर्गप्रेमातून ती निघाली नाही.

दुसरा धोका उलट बाजूचा आहे आणि तो आम्हाला अधिक गंभीर वाटतो. गरिबाच्या मुलाला खडे-काटक्या पुरतात, असे एकदा मान्य झाले, की त्याला पुस्तक, पाटी, पक्की भिंत आणि पुरेसा पगार मिळणारी शिक्षिका देण्याची निकड संपते. ताराबाई व अनुताई यांनी वेचलेल्या साहित्याचा पुरस्कार केला, पण त्याबरोबर आंघोळीचे पाणी, खाऊ, औषध, पाळणाघर आणि प्रशिक्षित शिक्षिका यांचा आग्रह कधी सोडला नाही. काडी स्वस्त असते. काडीचा उपयोग जाणणारी शिक्षिका स्वस्त नसते. पुढे अंगणवाडी हे नाव सरकारने उचलले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि काही दशकांत हे नाव देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले. नावाबरोबर त्यामागची सारी दृष्टी पोहोचली काय, याविषयी आम्हाला शंका आहे. अंगणवाडी ताईंना ज्या मानधनावर राबविले जाते, ते पाहता ‘स्वस्त’ हा एकच शब्द नीट पोहोचला, असे म्हणावेसे वाटते.

ताराबाई ३१ ऑगस्ट १९७३ रोजी आणि अनुताई २७ सप्टेंबर १९९२ रोजी निवर्तल्या. एकीला पद्मभूषण, दुसरीला पद्मश्री मिळाली. अनुताईंनी रमेश पानसे यांच्यासह स्थापन केलेल्या ‘ग्राममंगल’ने हे कार्य पुढे नेले. अलीकडे, फेब्रुवारी २०२३ मध्ये, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ नावाचा संच प्रसिद्ध केला. खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपत्त्या अशा वस्तू त्यात आहेत. वस्तू चांगल्या आहेत आणि कोणत्याही पाड्यावर त्या पोहोचल्या, तर मुले आनंदतील, यात संशय नाही. तरी इतिहासाच्या वाचकाला पेटी परत आलेली पाहून मौज वाटते.

फ्रोबेल यांच्या जुन्या पेट्या आज युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांत काचेआड जपून ठेवलेल्या आहेत. कुरणशाळेतल्या मुलांनी केलेली एकही वस्तू अशी काचेआड आमच्या पाहण्यात नाही. पानाच्या टोप्या सुकल्या, मातीची गुरे पहिल्या सरीत विरघळली, जुड्या सुटल्या. १९५७ मध्ये जे मूल पाच वर्षांचे होते, ते आज सत्तरीच्या पुढे गेले आहे. २०१४ पासून ज्याला पालघर जिल्हा म्हणतात, त्या भागातील पाड्यांवर अशी माणसे अजून आहेत. शाळेत आपण काय केले, कशाचे केले, त्याला आपल्या भाषेत काय म्हणत होतो, हे ती सांगू शकतील. आमच्या वाचकांपैकी जे शिक्षक त्या बाजूला नोकरीस आहेत, त्यांनी वही घेऊन जावे. भात घरात आले, गवताची कापणी संपली, की दुपारच्या वेळी ही माणसे ओटीवर भेटतात.